नववा मसुदा

“ताई, तुमचं कधी संपणार आहे?”

भोंग्याने विचारलं आणि खोलीतल्या सहा माना एकदम वर झाल्या. तिने आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं होतं, म्हणजे खाली जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार. काचेच्या दाराबाहेर तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. विचारून दाखवलंस तर अख्खी सहामाही तुझ्या प्रयोगवहीतल्या आकृत्या आम्ही काढू. भोंग्याला आकृत्यांचा मनापासून कंटाळा होता, आणि हल्ली तिला कशाची भीती म्हणून वाटत नव्हती.

वास्तविक दारावर पाटीच होती: ‘इथे कुणी कुणाला “कधी संपणार?” असं विचारू नये.’ पाटी भोंग्याच्या आईनेच लावलेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची ही खोली म्हणजे लेखन साहाय्य केंद्र. पीएचडीचा प्रबंध लिहिताना ज्यांचं गाडं अडलंय त्यांनी इथे यायचं, लिहिलेलं दाखवायचं, आणि आईने ते वाचून समासात शेरे लिहायचे. बिचाऱ्यांना हा प्रश्न घरचे विचारतात, सासरचे विचारतात, लिफ्टमध्ये भेटलेले शेजारी विचारतात. निदान ह्या चार भिंतींत तरी तो नको, असं आईचं म्हणणं होतं.

जिला विचारलं ती ताई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. तिचं नाव भोंग्याला माहीत नव्हतं. केंद्रातल्या लोकांची नावं घरी काढायची नाहीत असा आईचा दंडक, म्हणून आई त्यांना मसुद्याच्या आकड्यावरून ओळखायची. “आज तिसरा मसुदा फिरकलाच नाही,” “सहाव्या मसुद्याला मुलगी झाली बरं का,” असं जेवताना चालायचं. खिडकीजवळची ताई दोन वर्षांपूर्वी ‘दुसरा मसुदा’ होती. आता ती ‘नववा’ झाली होती.

नवव्या मसुद्याने पेन खाली ठेवलं. आता ही रडते की काय, म्हणून दाराबाहेरच्या दोघींनी काचेला नाक लावलं.

“शुक्रवारी,” ताई म्हणाली. “पाच वाजता.”

“अय्या, मग झालंच की.”

“झालं नाही गं. शुक्रवारी पाचला माझी नोंदणी संपते. प्रबंध संपला तरी संपते, नाही संपला तरी संपते. दोनदा मुदतवाढ घेतली, तिसरी देत नाहीत. पाचच्या आत दिला नाही तर सहा वर्षं पाण्यात.” मग ती जरा हसली. “आज मंगळवार ना?”

“हो.”

“मग तू वेळेवर विचारलंस.”

आईला मात्र ते वेळेवर वाटलं नाही. तिने भोंग्याचं मनगट धरलं आणि तिला पुस्तकांच्या कपाटामागे नेलं. “तुला वाचता येतं ना? दारावर काय लिहिलंय?”

“अगं, पण तिला बरं वाटलं. तिनेच सांगितलं.”

“कुणाला काय बरं वाटतं ते मी बघीन. मागच्या वर्षीपर्यंत चार माणसांत तोंड उघडत नव्हतीस, तेच बरं होतं म्हणायची वेळ आणू नकोस.”

हे मात्र खरं होतं. वर्षापूर्वी भोंगा भोंगा नव्हतीच. वर्गात हजेरी द्यायची तरी ओठांतल्या ओठांत द्यायची. मग एकदा सगळ्या शाळेसमोर बातम्या वाचायची पाळी तिच्यावर आली, आणि तिसऱ्याच बातमीला माइकने मान टाकली. पळून जावं तर सातशे पोरं बघतायत, म्हणून ती तशीच वाचत राहिली, आधी हळू आणि मग जोरात, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती भोंगा, शाळेत आणि घरीसुद्धा. आता तिला वाटायचं, इतकी वर्षं आपण गप्प कसे बसलो, पोट कसं फुगलं नाही आपलं.

शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत भोंगा केंद्रात थांबायची, आणि फुकट बसू नये म्हणून आईने तिला एक काम लावून दिलं होतं. जुने मसुदे भोकं पाडून खोक्यांत लावायचे. प्रत्येकाचं एक खोकं. नवा मसुदा आला की जुना खोक्यात जाणार, आणि एकदा गेला की आई तो पुन्हा उघडणार नाही. केंद्राचा हा पहिला नियम आईने स्वतः काढला होता आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता. “मागचं आठवत राहिलं की माणूस समोर लिहिलेलं वाचत नाही, आठवलेलं वाचतो,” ती सांगायची. “म्हणून प्रत्येक मसुदा मी आयुष्यात पहिल्यांदा वाचतेय असाच वाचते.” बाहेरगावच्या विद्यापीठांतून लोक हा नियम समजून घ्यायला येत आणि वहीत उतरवून नेत. दुसरा नियम, शेरे पेन्सिलीनेच लिहायचे. पेन्सिल खोडता येते, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनावर दडपण येत नाही. असं आईला वाटायचं. भोंगा मात्र त्या पेन्सिलीचं टोक दिसलं तरी वही मिटून घ्यायची.

कारण ती पेन्सिल घरीही यायची.

त्या संध्याकाळीही आली. शाळेच्या वार्षिक अंकासाठी भोंग्याने निबंध लिहिला होता, ‘आमच्या घरातलं काम’. द्यायची शेवटची तारीख शनिवार. आईने तो आतापर्यंत चारदा वाचला होता आणि चारही वेळा पहिल्यांदाच वाचला होता. पाचव्यांदा वही परत आली तेव्हा बाबांविषयीच्या पानाच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘आजोबांचा भाग छान आहे, पण विषयाला धरून आहे का? काढून बघ.’

भोंगा वही घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिथे बाबांचं काम चालायचं. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, बाबा त्यात प्लॅस्टर ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. टेबलावर कायम पाच-सहा जबडे हसत पडलेले असत. गिऱ्हाईक त्यांच्याकडे थेट येत नसे. पण एकदा एक आजोबा स्वतःच जिना चढून आले होते. कवळी हलते, बोलताना टकटक वाजते. बाबांनी तासभर घासून, लावून, काढून, पुन्हा घासून ती बसवून दिली. आजोबांनी आरशात बघितलं, ओठ पुढे केले आणि शिट्टी वाजवली. चार वर्षांनी वाजली म्हणाले. मग एक शब्द न बोलता शिट्टी वाजवत जिना उतरून गेले. भोंग्याच्या निबंधातला तोच भाग.

“बाबा, आई म्हणते शिट्टीवाले आजोबा काढ.”

बाबांनी भिंग लावलेला डोळा वर केला नाही. “मग काढ.”

“तुम्हाला काढावेसे वाटतात?”

“मला काय विचारतेस, मी त्यातला नाही. आई शिकलेली आहे.” त्यांनी एक दाढ उचलली, वळवून पाहिली, बसवली. “पण तुला सांगू का, ही कवळी मी आणखी महिनाभर घासत बसू शकतो. कुठे ना कुठे खडबडीत सापडतंच. पण तिकडे माणूस पातळ खाऊन बसलेला असतो गं.”

भोंग्याने आजोबा काढले. निबंध दीड पानाचा झाला आणि बाजारातून आणलेल्या खुर्चीसारखा दिसायला लागला, चार पाय, एक पाठ, कुणाचीही असू शकेल अशी.

बुधवारी नववा मसुदा सकाळी आठलाच येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. तिचा प्रबंध दुरुस्तीच्या दुकानांवर होता. छत्र्या, मिक्सर, शिलाई मशिनं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडे ती चौदा महिने जाऊन बसली होती. वस्तू दुरुस्त झाली हे नेमकं ठरवतं कोण, हा तिचा प्रश्न. पाच प्रकरणं होती. चार झाली होती. पाचवं, शेवटचं, सुरूच होत नव्हतं, कारण पहिलं प्रकरण दर खेपेला पेन्सिलीचे शेरे घेऊन परत यायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून लागायची. हे सगळं भोंग्याला कसं माहीत, तर भोकं पाडताना ती वाचायची. वाचू नये असा नियम आईने केला नव्हता, हे आईच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी आईने सांगितलं, “आठवा मसुदा खोक्यात लाव. नववा माझ्याकडे आहे.”

खोकं आधीच ठासून भरलेलं. आठवा आत जाईना. भोंग्याने वैतागून सगळं बाहेर काढलं आणि जमिनीवर पसरलं. चौथा मसुदा हातात आला तसा तो मधेच उघडला, पान एकोणीस. वर एक लांबलचक परिच्छेद, जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या एका घड्याळवाल्याचा. ताईने त्याला विचारलं होतं, घड्याळ दुरुस्त झालं हे तुम्ही कसं ठरवता. तो म्हणाला होता, ‘गिऱ्हाईक समोर आलं की झाकण लावतो. उघडं ठेवून बघत बसलं तर दिवसभर काही ना काही दिसतच राहतं.’

आणि त्याच्या शेजारी समासात, ओळखीच्या बारीक अक्षरांत: ‘घड्याळवाल्याचा भाग छान आहे, पण विषयाला धरून आहे का? काढून बघ.’

भोंग्याने ते पुन्हा एकदा वाचलं. हे वाक्य तिने परवाच वाचलं होतं. घड्याळवाल्याच्या जागी फक्त आजोबा होते.

तिने आठवा मसुदा ओढला. पान एकोणीस. घड्याळवाला गायब. तिथे नुसते तक्ते आणि टक्केवारी. समासात तीच अक्षरं: ‘इथे सगळं फार कोरडं झालंय. एखादा जिवंत माणूस येऊ दे.’

ती तशीच दोन्ही पानं घेऊन उठली. आई खिडकीजवळ, नवव्या मसुद्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती. पुढ्यात पान एकोणीस होतं आणि आईची पेन्सिल नुकतीच थांबली होती. भोंग्याने वाकून वाचलं. ताईने आता एक छत्रीवाला आणून बसवला होता. समासात नुकताच लिहिलेला शेरा: ‘हा माणूस ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.’

“आई, तू जिवंत माणूस काढायला लावलास, मग आणायला लावलास, आणि आता आणलाय तर तो ओढून आणलाय म्हणतेस.”

खोलीतल्या माना पुन्हा वर झाल्या. आईने ओठांवर बोट ठेवलं. भोंग्याने दोन्ही पानं टेबलावर ठेवली, छत्रीवाल्याच्या डावीकडे आणि उजवीकडे. तीन पानं शेजारी शेजारी, तिन्हीकडे एकच अक्षर.

आईने पहिलं वाचलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. तिच्या कपाळावर अशी आठी पडली जशी भोंग्याने कधी बघितली नव्हती, रागाची नाही, जिन्याची पायरी चुकल्यावर पडते तशी.

“तुला माहीत होतं?” तिने ताईला विचारलं.

“हो मॅडम.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुम्ही विचार करून सांगताय. म्हणजे माझ्या लिहिण्यातच काहीतरी...” ताईने हातांनी काहीतरी वाकडंतिकडं दाखवलं. “मी दोन्ही केलं. दर वेळी तुम्ही सांगितलेलं सगळं केलं.”

“मी मागचं बघत नाही. नियमच तसा आहे. नव्या नजरेने वाचलं की...” आई थांबली. नियम तिच्या तोंडून निम्माच बाहेर आला.

“मग आता कुठलं ठेवू?” ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मॅडम, उद्या पाच वाजता प्रबंध घ्यायची खिडकी बंद होते. शेवटचं प्रकरण लिहायचंय मला. कुणीतरी एकदा सांगा, कुठलं ठेवू.”

आता आई काय म्हणाली असती तर सगळं ठीक झालं असतं, ह्यावर भोंग्याने नंतर पुष्कळ विचार केला. आईने चौथ्या मसुद्याचं पान जवळ ओढलं, चष्मा वर केला, सवयीने पेन्सिल धरली आणि म्हणाली, “थांब हं. आता वाचताना मला असं वाटतं, की ह्यातलं पहिलं वाक्य जर...”

भोंग्याने आईच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

जोर लावावा लागला नाही. बोटांतून सुटून आली.

“बाहेर जा,” आई म्हणाली. हळू म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं.

भोंगा जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. पेन्सिल अजून मुठीत होती. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, शिवाय आपण बरोबर आहोत ह्याचा राग येत होता, कारण बरोबर असून बाहेर बसणं चूक असून बसण्यापेक्षा वाईट. अर्ध्या तासाने दार उघडलं. ताई होती, खांद्याला पिशवी अडकवलेली.

“ते चौथ्या मसुद्यातलं पान मला हवंय. मी संगणकातून पुसून टाकलं होतं. कुठेच नाही आता, फक्त तुझ्या खोक्यात.”

खोक्यातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिसरा नियम. भोंगा उठली, टेबलावरून पान एकोणीस आणलं आणि दिलं. आई बघत होती.

“तुमचंच आहे,” भोंगा म्हणाली. “आईला दाखवणार शेवटचं प्रकरण?”

“नाही गं.” ताईने पान दुमडलं नाही, सपाट धरलं. “दाखवलं तर त्या वाचतील.”

शुक्रवारी आई दिवसभर कुणावर ना कुणावर वैतागत होती. पंच नीट भोकं पाडत नाही, खिडकी नीट लागत नाही, तिसऱ्या मसुद्याने तळटिपा पुन्हा पानाच्या डोक्यावर टाकल्यात. शाळेतून आल्यापासून भोंग्याशी ती कामापुरतं बोलली. चारनंतर ती खिडकीपाशी उभी राहिली, जिथून समोरच्या इमारतीतलं प्रबंध घ्यायचं दालन दिसायचं. सव्वाचार झाले. साडेचार झाले. भोंगाही शेजारी येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

पावणेपाचला ताई आवारातून धावत आली, छातीशी काळ्या बांधणीच्या चार प्रती कवटाळून, चप्पल एका पायातून निसटत होती. ती आत शिरली. पाच वाजायला चार मिनिटं असताना बाहेर आली. आता हातात एकच प्रत होती. तिने वर बघितलं, खिडकी शोधली आणि सरळ जिना चढून आली.

पावतीवर शिक्का ओला होता. खोलीतल्यांनी उठून तिला घेरलं. कुणी पाणी दिलं, कुणी नुसतंच पाठीवर थोपटलं. आईने हात पुढे केला.

“बघू एकदा प्रत.”

ताईने प्रत छातीशी धरली. “नको मॅडम. आता नको.” मग, आईचा चेहरा बघून: “परीक्षकांचं झालं की तुम्हालाच देणार पहिली.”

आईचा हात हवेतच राहिला. तिची नजर प्रतीच्या कण्यावर, बांधणीवर नाव छापतात तिथे, गेली आणि तिथेच अडकली. तोंड उघडलं. भोंग्याला वाटलं, झालं, आता शेरा येणार. आईने तोंड मिटलं.

“अभिनंदन,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर बाबा हाताचं प्लॅस्टर धुऊन आले, तिघं टेबलाशी बसली, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच आईचा बांध फुटला.

“कण्यावर नाव उलटं छापलंय. चारही प्रतींवर असणार. सहा वर्षांचं काम, आणि कपाटात उभं केलं की नाव डोक्यावर. मला लांबूनच दिसलं.”

“मग सांगितलं का नाहीस?” बाबांनी विचारलं.

“काय सांगू? खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं होती.” आईने ताटातलं इकडचं तिकडे केलं. “आणि सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. ती माझं सगळं ऐकते, तोच तर घोळ झालाय. दोन वर्षं माझ्यामुळे अडकली ती पोर. मी मदत करतेय, मदत करतेय म्हणत.”

बाबांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

“आणि तू,” आई भोंग्याकडे वळली, “पेन्सिल हिसकावलीस ती सहा माणसांसमोर. ते मला अजिबात आवडलेलं नाही. तू खरं बोलत होतीस, तरीसुद्धा.” मग जरा वेळाने, दुसऱ्याच आवाजात: “निबंध उद्याच द्यायचाय ना? आण वही. शेवटची एकदा नजर टाकते.”

भोंगा उठली. वही आणली. पण ती आईच्या हातात दिली नाही, दप्तरात घातली, दप्तराची चेन लावली आणि टेबलाशी येऊन उभीच राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. निबंध उद्या सकाळी बाईंना देणार. शिट्टीवाले आजोबा मी परत घातलेत. तुम्ही दोघांनी तो अंकात छापून आल्यावर वाचायचा, त्याच्या आधी नाही. आणि ह्यापुढे मी स्वतः विचारल्याशिवाय माझ्या वहीला पेन्सिल लावायची नाही. चुका राहतील, मला माहितीय. कदाचित माझंही नाव उलटं छापून येईल.”